कोकणातल्या ऑक्टोबरसाठी एकच सूट: हाय-ट्विस्ट वूलचं परीक्षण

कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला एकच सूट घ्यायचा असेल तर तो मध्यम नेव्ही रंगाच्या हाय-ट्विस्ट वूलचा, म्हणजे जास्त पीळ दिलेल्या लोकरी सुताचा असावा, पाठीला अस्तर नसावं आणि त्याच कापडाच्या दोन पॅन्ट शिवलेल्या असाव्यात. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारे मुहूर्त, बँकेतली नोकरी, मुलाखत, पदवीदान, मुंबईतली मीटिंग, सगळीकडे हा सूट चालतो. कोट आणि पॅन्ट वेगवेगळे वापरता येत असल्यामुळे पावसाळा सोडला तर तो कपाटात पडून राहत नाही. त्याच्यात उणिवा आहेत, त्या पुढे सांगितल्या आहेत. पण अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या बाजारांत जे चार-पाच प्रकारचं सूटिंग सहज समोर येतं, त्यात इथल्या हवेला इतकं मानवणारं दुसरं कापड नाही.

शरद ऋतूतला सूट म्हटलं की मासिकांत आणि इन्स्टाग्रामवर फ्लॅनेल, ट्वीड, जाड तपकिरी चौकडी दिसते. इंग्लंडात ते योग्यच आहे. फ्लॅनेल मीटरमागे ३४० ते ४०० ग्रॅमचं असतं, त्याच्या पृष्ठभागावर मुद्दाम लव उठवलेली असते आणि त्या लवेत हवा अडकून ऊब टिकते. आपल्याकडे शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. मुंबईतून पावसाची माघार सरासरी ८ ऑक्टोबरला होते, दक्षिणेकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात तो आणखी रेंगाळतो. ढग गेले की ऊन थेट अंगावर येतं, जमिनीतली ओल वर उठत असते आणि पारा तिशीच्या वर जातो. संध्याकाळी खारा वारा पडला की मंडपात पान हलत नाही. अशा हवेत ऊब अडकवणारं कापड घालणं म्हणजे तासाभरात कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकणं. म्हणून इथे सूट निवडताना पहिला प्रश्न रंगाचा किंवा कंपनीचा नसतो. कापडातून वारा जातो का, हा असतो.

वूल आणि उकाडा हे समीकरण अनेकांना पटत नाही. दुकानदारही "लोकर? आपल्याकडे?" असं म्हणून टीआरचा, म्हणजे पॉलिस्टर-व्हिस्कोसचा, तागा पुढे करतो. पण वूलचा तंतू आपल्या वजनाच्या साधारण तीस टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. प्रमाणित हवेत वूलमध्ये सोळा-सतरा टक्के ओलावा असतो, लिननमध्ये बारा, सुतीत साडेआठच्या आसपास आणि पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नाही. दमट हवेत घाम उडून जात नाही, तो कुठेतरी जावा लागतो. पॉलिस्टर तो घेत नाही, म्हणून पाठीवरून धार लागते. वूल तो घेतं आणि वारा मिळाला की हळूहळू सोडतं. लोकरी सूटिंग कोकणाला नवंही नाही. रेमंडची वूलन मिल १९२५ साली ठाण्याच्या खाडीकाठी सुरू झाली, आणि ठाणे कोकण विभागातच येतं.

हाय-ट्विस्ट म्हणजे काय, तर सूत नेहमीपेक्षा जास्त पीळ देऊन कातलेलं आणि बहुधा दोन धागे एकत्र वळलेलं असतं. पीळ जास्त असल्यामुळे सूत गोल, टणक आणि गुळगुळीत होतं, त्याच्यावर लव राहत नाही. हे सूत साध्या उभ्या-आडव्या विणीत विणलं की धाग्यांच्या मध्ये बारीक मोकळ्या जागा राहतात. वारा तिथून जातो. शिवाय पिळदार सूत स्प्रिंगसारखं परत जागेवर येतं, त्यामुळे चुण्या कमी पडतात. कोकण रेल्वेच्या खुर्चीत सहा तास बसून मुंबईला उतरल्यावर हा कोट झटकला की बहुतेक सळ जातात, उरलेले हॉटेलच्या बाथरूमच्या वाफेत रात्रभरात सुटतात.

वजनाबद्दल एक गोंधळ नेहमी होतो. ५८ ते ६० इंच पन्ह्याच्या कापडाचं वजन काही गिरण्या एका मीटरला देतात, काही चौरस मीटरला. मीटरला २८० ग्रॅम असलेलं कापड चौरस मीटरला साधारण १८५ ग्रॅम भरतं. दोन आकडे शेजारी ठेवून "हे हलकं, ते जड" असं ठरवू नका, आधी एकक विचारा. आपल्या कामाचं कापड मीटरला २६० ते २९० ग्रॅमच्या दरम्यान असतं. त्याहून हलकं, २१०-२२० ग्रॅमचं ट्रॉपिकल वूल हातात घ्यायला मोहक वाटतं, पण पॅन्टचा गुडघा दोन महिन्यांत पिशवीसारखा लोंबतो आणि कोट अंगावर नीट पडत नाही. थोडं जड पण मोकळ्या विणीचं कापड हलक्या आणि घट्ट विणीच्या कापडापेक्षा थंड राहतं. हे एकदा अंगावर घालून पाहिल्याशिवाय पटत नाही, म्हणून दुकानात तयार नमुना असेल तर तो घालून पाच मिनिटं पंख्याखाली उभे राहा.

काठावर छापलेला "सुपर १२०" वगैरे आकडाही असाच फसवा. तो फक्त तंतू किती बारीक आहे ते सांगतो. सुपर १०० म्हणजे जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, सुपर १२० म्हणजे १७.७५. विणीबद्दल, वजनाबद्दल, टिकाऊपणाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. सुपर १५० चं कापड रेशमासारखं लागतं, पण स्कूटरवर बसून रोज घर्षण झालं की बैठकीला विरतं. हाय-ट्विस्टमध्ये हा आकडा कमी असतो किंवा दिलेलाच नसतो, आणि ते ठीक आहे.

दुकानात कापड कसं तपासायचं

तागा काउंटरवर सोडला की आधी काठ वाचा. शंभर टक्के वूल असेल तर काठावर किंवा लेबलवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. "वूल रिच", "वूल ब्लेंड", "वूल फील" हे शब्द दिसले की टक्केवारी विचारा. १९६४ पासून चालत आलेलं वूलमार्कचं पिळाच्या गुंडीसारखं चिन्ह शुद्ध नव्या लोकरीसाठी आहे. मिश्र कापडांसाठी त्याची वेगळी रूपं आहेत, तेव्हा चिन्हाखालचे शब्दही वाचावेत.

मग कापडाची एक घडी तोंडाला लावून जोरात फुंकर मारा आणि पलीकडे तळहात धरा. फुंकर हाताला लागली तर वीण मोकळी आहे. टीआरच्या कापडातून ती जवळजवळ येत नाही. नंतर कोपरा मुठीत दहा सेकंद घट्ट आवळून सोडा. हाय-ट्विस्ट लगेच उघडतं, एखादी फिकी रेघ राहते. लिनन मुठीच्या आकारातच राहतं. कोपराच्या आतल्या बाजूच्या त्वचेवर कापड घासून पाहायला विसरू नका, कारण या कापडाची मुख्य उणीव तिथेच कळते: ते थोडं टोचतं. काहींना चालतं, काहींना मांडीवर खाज सुटते.

शंका असेल तर काठाचे दोन-चार धागे मागून घ्या आणि दुकानाबाहेर काडीने पेटवा. वूल केस जळल्यासारखा वास देतं, ज्योत काढली की विझतं आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि कडक काळा मणी उरतो. दोन्ही दिसलं तर मिश्रण आहे.

रंग मात्र बाहेर उन्हातच ठरवा. दुकानातल्या पांढऱ्या एलईडीखाली गडद नेव्ही काळा दिसतो आणि मंडपात संध्याकाळी तसाच काळा दिसणार. उन्हात निळेपणा लगेच जाणवेल असा मध्यम नेव्ही घ्या. राखाडीसुद्धा चांगला, पण त्याचा सुटा कोट ऑफिसच्या सूटमधून उचलल्यासारखा वाटतो. नेव्ही हाय-ट्विस्टला विणीमुळे किंचित दाणा असतो, त्यामुळे तो ब्लेझर म्हणून सहज खपतो. काळा घेऊ नये. जांभ्याची तांबडी धूळ काळ्यावर सर्वांत जास्त दिसते.

बाकीची कापडं

टीआर हे कोकणातलं सर्वांत जास्त विकलं जाणारं सूटिंग. स्वस्त, इस्त्री टिकते, घरी धुता येतं, रंग हवे तेवढे. वाढत्या वयाच्या मुलाला एका लग्नापुरता सूट हवा असेल किंवा कार्यक्रम एसी हॉलमध्येच असेल तर टीआरवर पैसे वाचवणं शहाणपणाचं आहे. पण दिवसा, मोकळ्या मंडपात, तो अंगाला चिकटतो. फोटोच्या फ्लॅशमध्ये चकाकतो. गरम इस्त्री थेट लागली की बैठकीला कायमची चमक येते.

टेरीवूल, म्हणजे पॉलिस्टर-वूलचं मिश्रण, ही मधली वाट. वूल निम्मं किंवा त्याच्या आसपास असेल तर हवा बऱ्यापैकी खेळते आणि किंमत आवाक्यात राहते. रोज सूट घालावा लागणाऱ्या माणसाने पॅन्टसाठी याचा जरूर विचार करावा, कारण घर्षणाला ते शुद्ध वूलपेक्षा जास्त टिकतं. वूलचं प्रमाण पस्तीस टक्क्यांच्या खाली गेलं की मात्र ते टीआरच्याच जवळचं वाटू लागतं, मग जास्तीचे पैसे कशाला?

लिनन थंड आहे यात वाद नाही. मालवणच्या किनाऱ्यावर सकाळचं लग्न असेल तर लिननचा सुटा कोट सुंदर दिसतो. पूर्ण सूट म्हणून ते इथे निराश करतं. दमट हवेत लिनन मऊ पडतं, कोपराला आणि गुडघ्याला घड्या बसतात, आणि जेवणाची पंगत उठेपर्यंत पॅन्ट धुवून न इस्त्री केल्यासारखी होते. सुती सूट घाम पितो पण सोडत नाही. काखेत आणि कंबरेवर ओले डाग दिसतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाहीत.

शिवण्यात सगळं कमावता किंवा घालवता येतं

उत्तम कापड घेऊन त्याला आतून पूर्ण पॉलिस्टरचं अस्तर लावलं तर वारा जायला जागाच राहत नाही. म्हणून मास्तरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं: पाठीला अस्तर नको. खांद्यांवर, पुढच्या पल्ल्यांच्या आत आणि बाह्यांत अस्तर असू द्या. बाह्यांत ते लागतंच, नाहीतर शर्ट कापडाला धरून वर सरकतो. अस्तर व्हिस्कोस किंवा क्युप्रोचं घ्या. क्युप्रो हे कापसापासून बनणारं रेशमी पोताचं कापड, दुकानात ते बहुधा बेम्बर्ग या नावाने मिळतं. पाठ उघडी राहिली की आतल्या शिवणी दिसतात, त्यांना नुसतं इंटरलॉक मारून भागत नाही, पायपिंग लावून घ्यावी लागते. पाठीला अस्तर नसलेला कोट शिवायला पूर्ण अस्तराच्या कोटापेक्षा जास्त मेहनत लागते, तेव्हा शिलाई जास्त सांगितली तर घासाघीस करू नये.

दुसरी गोष्ट छातीची. कोटाच्या पुढच्या भागाला आकार देण्यासाठी आत एक थर असतो. तो गोंदाने चिकटवलेला असेल तर त्याला फ्युजिंग म्हणतात, टाक्यांनी जोडलेला असेल तर कॅनव्हास. फ्युजिंग नीट बसायला ठरावीक उष्णता, दाब आणि वेळ लागतो. तो प्रेस मशीनवर मिळतो, हातातल्या इस्त्रीखाली सगळीकडे सारखा मिळत नाही. अशा कोटाने एक पावसाळा काढला की ओलीमुळे गोंद जागोजागी सुटतो आणि छातीवर फोडांसारखे फुगे दिसतात. ते दुरुस्त होत नाहीत. म्हणून निदान छातीपर्यंत कॅनव्हास, म्हणजे हाफ कॅनव्हास मागा. तयार कोटात हे ओळखायचं असेल तर वरच्या बटणाच्या बाजूला बाहेरचं आणि आतलं कापड चिमटीत धरून अलग ओढा. मध्ये तिसरा थर सुटा सरकताना जाणवला तर कॅनव्हास आहे. तुमच्या गावातला टेलर कॅनव्हास करत नसेल तर त्याच्याकडून जबरदस्तीने करून घेऊ नका. मशीनवर फ्युजिंग करून आणायला सांगा आणि खांद्यात पॅड पातळ ठेवायला सांगा.

हाय-ट्विस्ट कापड शिवायला खट्याळ आहे. कापल्या कडेचे धागे झपाट्याने निघतात, म्हणून कापल्याबरोबर इंटरलॉक हवं. मशीनचा धागा ताणलेला असेल तर लांब शिवण सुरकुतते, विशेषतः पॅन्टच्या बाहेरच्या शिवणीला. कापड वाफेवर बसवल्याशिवाय कापू नये, नाहीतर पहिल्या ड्रायक्लीनला बाही पाव इंच आखडते. मास्तरांनी याआधी हे कापड शिवलं नसेल तर आधी पॅन्ट शिवू द्या आणि ती पाहून मग कोट द्या.

मापं अशी. मध्यम उंचीच्या माणसाला कोट आणि एक पॅन्ट यासाठी सव्वातीन मीटर पुरतं. दुसऱ्या पॅन्टसाठी सव्वा मीटर वाढवा, म्हणजे साडेचार. दोन्ही एकाच ताग्यातून आणि एकाच वेळी घ्या, पुढच्या लॉटचा रंग जुळत नाही. पॅन्ट कोटाच्या निम्म्या आयुष्यात झिजते, त्यामुळे दुसरी पॅन्ट हा या खरेदीतला सर्वांत फायद्याचा खर्च आहे. कोट दोन बटणांचा, सिंगल ब्रेस्टेड, लॅपल (कॉलरखाली छातीवर दुमडलेली पट्टी) तीन ते सव्वातीन इंच, मागे दोन कट. वरून शिवलेले पॅच खिसे चालणार असतील तर फ्लॅपऐवजी तेच घ्या, सुटा कोट त्याने अधिक मोकळा दिसतो. बँकेत किंवा कोर्टाच्या कामाला घालणार असाल तर फ्लॅपच ठेवा.

मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, खोल ठेवण्याची आपल्याकडच्या टेलरांना सवय आहे. त्यांना वाटतं, हात हलवायला जागा राहील. घडतं उलट. मुंढा काखेपासून जितका खाली, तितका हात वर केला की अख्खा कोट वर उचलला जातो. मंगलाष्टकांना अक्षता टाकताना एका रांगेतल्या माणसांचे कोट पाहिले की हे लगेच दिसतं. कच्च्या टाक्यांवर पहिला ट्रायल होईल तेव्हा बटण लावून हात डोक्यापर्यंत न्या. कोटाची कॉलर मानेपासून सुटली किंवा खालची कडा दोन इंचांहून जास्त वर गेली तर मुंढा वर घ्यायला सांगा. पक्कं शिवल्यावर हे होत नाही.

पॅन्टचं आसन आणि मांडी बसून तपासा, आणि बसून म्हणजे जमिनीवर मांडी घालून. पूजेला, पंगतीला, देवळात बसावं लागतंच. आसन आखूड असेल तर मागची शिवण उसवते. मागच्या शिवणीला दीड इंच दाब, म्हणजे आत जास्तीचं कापड, सोडून ठेवायला सांगा, बाहीला दीड आणि मोहरीला, म्हणजे पॅन्टच्या खालच्या घेराला, दोन. मोहरी सगळी मिळून साडेपंधरा इंचांच्या आसपास बरी, आणि उंची बुटावर जेमतेम टेकेल इतकीच. खाली दुमड ठेवू नका. लाल माती त्या दुमडीत साठते आणि ओली झाली की आतून डाग धरते. मांडीला टोचत असेल तर पुढून गुडघ्यापर्यंत पातळ व्हिस्कोसचं अस्तर लावता येतं. उकाडा थोडा वाढतो, खाज जाते.

दोन बारीक सूचना, ज्या बहुतेक जण विसरतात. खिशांच्या आतलं कापड नेव्हीच हवं. मोकळ्या विणीतून पांढरा खिसा उन्हात चक्क दिसतो. आणि चेन नायलॉनची किंवा पितळी, हूक न गंजणारे, बटणं शिंगाची किंवा कोरोझोची, म्हणजे ताडजातीच्या झाडाच्या कठीण बीची. खाऱ्या हवेत मुलामा दिलेलं स्वस्त लोखंड गंजतं आणि त्याचा डाग थेट शर्टावर उतरतो.

तयार सूट घ्यायचा असेल तर कोट आणि पॅन्ट वेगळ्या मापात देणारं दुकान शोधा. एकत्र पॅकमध्ये साधारण छातीपेक्षा सहा इंच कमी कंबर धरलेली असते, ४० ला ३४. ती सगळ्यांना कुठून बसणार? कंबर इंच-दीड इंच आत-बाहेर होते, बाहीची आणि पॅन्टची लांबी बदलता येते, बाहीवर खरी काजं कापलेली नसतील तर. खांदा आणि कोटाची लांबी बदलत नाही. खांद्याची शिवण हाडाच्या बाहेर गेली असेल तर तो कोट तिथेच ठेवून द्या, किमतीत सवलत कितीही दिली तरी.

कशावर काय घालावं

मुलाखत, बँक, पदवीदान: पांढरा किंवा फिका निळा सुती शर्ट, पॉपलिनपेक्षा ऑक्सफर्ड किंवा पिन पॉइंट विणीचा, कारण त्यातून घाम कमी दिसतो. गडद तपकिरी लेदरचे बूट आणि त्याच रंगाचा पट्टा. टाय लावायचीच असेल तर विणलेली, विटकरी किंवा आमसुली रंगाची. शरदाचे रंग आणायचे ते इथेच: टायमध्ये, रुमालात, मोज्यांत. शर्टाच्या बाहीचा कफ अर्धा इंच दिसला पाहिजे.

लग्नासाठी टाय काढा. हस्तिदंती किंवा फिक्या हळदी रंगाचा शर्ट, वरचं एक बटण उघडं, खिशात सुती रुमाल साधी घडी घालून. चकचकीत साटनचा रुमाल या कोरड्या दाण्याच्या कापडाशी जुळत नाही. मांडवात आणि घरात बूट काढावे लागतात हे लक्षात घेऊन लोफर घाला आणि मोजे नीट, गुडघ्याखालपर्यंतचे, भोक नसलेले घाला. अर्ध्या लग्नात लोकांना तुमचे बूट दिसतच नाहीत, मोजे दिसतात.

सुटा कोट ऑफ व्हाइट किंवा खाकी सुती पॅन्टवर उत्तम जातो. शेवाळी रंगाची पॅन्ट असेल तर आत पांढराच शर्ट ठेवा. जीन्सवर हा कोट घालता येतो, पण जीन्स गडद निळी असेल तर दोन निळे भांडतात. राखाडी जीन्स घ्या. सुटी पॅन्ट हा या सूटचा दुर्लक्षित भाग आहे. तिच्यावर आखूड खादीचा कुर्ता, विटकरी लिनन शर्ट, बाहेर काढलेला फिका चौकडीचा शर्ट, सगळं चालतं, आणि ती साध्या टेरीकॉट पॅन्टपेक्षा खूपच थंड आहे. फक्त एक जपा: पॅन्ट सारखी वापरून कोट क्वचित वापरला की रंगात फरक पडतो. दोन्ही पॅन्ट आळीपाळीने घाला आणि ड्रायक्लीनला कोट आणि दोन्ही पॅन्ट एकत्रच द्या.

डिसेंबरात आंबोलीला किंवा घाटावर जाणं झालं तर आत बारीक विणीचा बिनबाह्यांचा स्वेटर घातला की पुरतं. त्यासाठी वेगळा जाड सूट घेण्याची गरज किनाऱ्यावरच्या माणसाला पडत नाही.

सांभाळणं

घालून आल्यावर सूट लगेच कपाटात ठेवू नका. रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर, पंख्याच्या वाऱ्यात रात्रभर टांगा, खिसे रिकामे करून. तांबडी धूळ कोरड्या मऊ ब्रशने वरून खाली झटका. ओल्या फडक्याने पुसली की जांभ्यातलं लोह धाग्यात मुरतं आणि मग ड्रायक्लीनलाही डाग जात नाही. लागोपाठ दोन दिवस घालू नये, एक दिवस मध्ये सोडला की पीळ पूर्ववत होतो. ड्रायक्लीन हंगामात एक-दोनदाच, बाकी वेळा वाफ. इस्त्री करायची तर वर ओलसर मलमल ठेवूनच.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. ठेवण्याआधी सूट स्वच्छ करून घ्या, कारण कसर नुसत्या लोकरीपेक्षा घामट आणि जेवणाचे शिंतोडे उडालेल्या लोकरीवर आधी बसते, आणि बुरशीही तिथेच धरते. ड्रायक्लीनवाल्याची प्लास्टिकची पिशवी त्याच दिवशी फेकून द्या, ओल आत कोंडते. जुन्या सुती चादरीची पिशवी शिवून त्यात ठेवा. बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकलेलं कपाट पावसात आतून ओलं होतं, ते भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर दर तीन-चार आठवड्यांनी सुकवून परत ठेवाव्या लागतात, नाहीतर त्या नुसत्या पडून राहतात. डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नका, पुरचुंडीत बांधून वर टांगा, वास खाली येतो. कडुनिंबाचा पाला ठेवण्याची पद्धत आहे. त्याने एकट्याने कसर थांबत नाही. पावसात उघडीप मिळाली की कपाटाची दारं उघडून पंखा लावा. थेट उन्हात नेव्ही टांगू नका, खांद्यावर रंग उडतो. पडवीतली सावली पुरे.

नवा सूट शिवायचा असेल तर कापड श्रावणातच टेलरकडे पोचलं पाहिजे. गणपतीत दुकानं बंद असतात, त्यानंतर नवरात्र आणि दिवाळीची शिलाई साचते, आणि कार्तिक द्वादशीनंतर मुहूर्त सुरू झाले की मास्तरांना दुसऱ्या ट्रायलला वेळ उरत नाही. जुना सूट असेल तर तो अनंत चतुर्दशीनंतर बाहेर काढून उन्हाच्या उजेडात पाहून घ्या: छातीवर फुगे, बैठकीची चमक, लॅपलच्या मागे कसरीची भोकं. रफू, काजं, मोहरी यांची कामं तेव्हा आठवड्यात होतात.